लहान शंख, मोठा शंख

गहू निघायला लागला की मी अजूनही आधी गाडीचं एअर फिल्टर उघडून बघते आणि मग गच्चीवरचे कपडे झटकते. इथे माळव्यात, नानाखेड्याच्या आमच्या कॉलनीपलीकडे पूर्वी शेतंच शेतं होती. आता त्यातली बरीचशी प्लॉट पडून संपली, पण वाऱ्याला ते कुणी कळवलेलं दिसत नाही. फाल्गुन सरत आला की तो कुठून तरी भुसा घेऊन येतोच. दोरीवरच्या साड्यांत, खिडकीच्या जाळीत, चहाच्या कपावरच्या बशीत, सगळीकडे ती बारीक सोनेरी कुसळं. रस्त्यानं मंडीकडे ट्रॉल्या चाललेल्या, त्यांच्यामागे सांडलेल्या दाण्यांवर कबुतरं. शाळेत परीक्षा सुरू असतात. मी भूगोल शिकवते; मुली रब्बीच्या पिकांत भात लिहून ठेवतात आणि त्याच उत्तरपत्रिकेवर वर्गाच्या खिडकीतून गव्हाचा भुसा येऊन पडलेला असतो. मी तो फुंकरीनं उडवते आणि अर्धा गुण देऊन टाकते.

यंदा फिल्टर स्वच्छ होतं, तरी गाडीतून एक बारीक फुसफूस ऐकू येत होती. शकीलभाई येऊन बघून गेले. आगर रोडला त्यांचं डिझेल गाड्यांचं गॅरेज आहे. स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं स्वतःच्या कानाला लावून ते बराच वेळ उभे राहिले आणि मग म्हणाले, टर्बोचा खोल चटकलाय, तडा गेलाय, धूर तिथून निसटतोय. बिडाच्या वस्तूला वेल्डिंग धरत नाही आणि धरलं तरी अशा उष्णतेत टिकत नाही, तेव्हा नवाच मागवा. बंगळुरूच्या ज्या माणसाकडून पहिला मागवला होता त्यालाच मी फोन केला. त्यानं अगदी सहज विचारलं, तेच माप ना मॅडम, की मोठं? मी म्हटलं, कळवते. त्याला पंधरवडा होऊन गेला. एवढंसं ठरवायचं आहे आणि माझ्यानं ते ठरत नाही. ठरत नाही म्हणून हे लिहायला बसले आहे.

खोल म्हणजे काय, ते आधी सांगते. इंजिनातून जळालेला धूर मोठ्या जोरानं बाहेर पडतो. तो जोर वाया जाऊ नये म्हणून त्याच्या वाटेत एक चाक बसवायचं. धुरानं ते चाक फिरतं. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक चाक असतं, ते बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतं. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त जोर. याला टर्बो म्हणतात. धुराकडच्या चाकाभोवती बिडाचं एक वळत वळत गेलेलं कवच असतं, अगदी शंखासारखं; शकीलभाईंचा खोल तो हाच. त्याचं इंग्रजी नाव माझ्या लक्षात राहीना, म्हणून मी त्याला शंख म्हणू लागले आणि घरात तेच नाव रुळलं. टर्बो एकच, शंख मात्र लहान-मोठ्या मापांत मिळतात. कोणता निवडायचा यावर गाडीचा स्वभाव ठरतो.

हे मला शिकवलं अरविंदांनी, माझ्या नवऱ्यानं. लिहिताना नाव घेते आहे. बोलताना उखाणा सोडून उभ्या जन्मात घेतलं नाही. ते वीज मंडळात इंजिनिअर होते. पोर्चमधल्या झाडांना पाणी घालायची नळी त्यांनी माझ्या हातात दिली आणि तोंडावर अंगठा धरायला लावला. नळ थोडासाच सोडला होता, तरी पाणी पार फाटकापर्यंत उडालं. मग त्यांनी नळ पूर्ण सोडायला सांगितला. अंगठ्यामागे पाणी तुंबलं, नळी फुगली, नळाकडचा जोड सुटला आणि माझी साडी चिंब झाली. ते खुर्चीत बसून हसत होते. लहान शंख म्हणजे हा अंगठा, म्हणाले. गाडी हळू चालत असतानाही त्यात धुराला वेग येतो आणि जोर लगेच मिळतो. पण इंजिन जोरात पळायला लागलं की धूर आतच तुंबतो. मोठ्या शंखाचं नेमकं उलट. त्यात जोर उशिरा येतो, मोकळ्या रस्त्यावर आणि भरपूर वेगात येतो, पण इंजिनाला श्वास घेता येतो.

ती गाडी जपानी, दोन माणसांची. तिचं नाव इथे लिहीत नाही. नाव सांगितलं की लोक किंमत विचारतात. परदेशातून परत आलेल्या इंदौरच्या कुणीतरी ती हौसेनं आणली होती आणि मग इथला एकही मेकॅनिक तिला हात लावेना म्हणून शेडमध्ये टाकून दिली होती; तिथून अरविंदांनी ती घरी आणली. मेकॅनिक हात लावेनात, कारण तिच्या इंजिनात नेहमीचे वर-खाली धावणारे दट्टेच नाहीत. दट्ट्यांच्या जागी एक त्रिकोण गोल गोल फिरतो, तिन्ही बाजूंनी समोशासारखा फुगलेला. त्याच्या टोकांना बोटभर लांबीच्या पातळ पट्ट्या असतात, सगळं इंजिन त्या पट्ट्यांच्या भरवशावर चालतं. आतून निघणारा धूर इतका तापलेला की साध्या गाडीचा त्यापुढे काहीच नाही. शकीलभाईंनी पहिल्यांदा ते उघडलेलं इंजिन पाहिलं तेव्हा डोक्यावरची टोपी काढून ते खाली उकिडवे बसले आणि अरविंदांना म्हणाले, साहब, ये निकाल के फेंको, मैं इसमें जीप का इंजन डाल देता हूँ, पोते तक चलेगी। पुढची कित्येक वर्षं ते दर भेटीत हा सल्ला देत राहिले. अरविंद दर वेळी त्यांना चहा पाजून परत पाठवत.

मी साताऱ्याची. लग्न होऊन इथे आले तेव्हा सासरचं मराठी ऐकून मला वाटायचं, ही माणसं माझी थट्टा करताहेत. यांचे पूर्वज शिंद्यांच्या चाकरीत इकडे आले आणि तेव्हापासून घरात मराठीच बोलतात, पण त्यातलं अर्धं हिंदी. ‘मी येऊन राहिलो’, ‘तू खाऊन घे’, ‘असं कसं चालेल भिया’. मी सुरुवातीला अरविंदांची वाक्यं दुरुस्त करायची. ते नम्रपणे दुरुस्त वाक्य म्हणून दाखवायचे आणि पुढचं परत तसंच. त्यांना हरवायला मला एवढी एकच जागा होती, कारण बाकी कुठल्याही बाबतीत ते वाद घालतच नसत. वाद घालायचे ते फक्त यंत्राच्या बाबतीत, आणि तिथे ते कधी, कुणापुढे हार मानत नसत. वीज मंडळातल्या त्यांच्या साहेबांना हे चांगलं माहीत होतं.

त्यांचे पाय आधी गेले. म्हणजे पाय होते, ताकद गेली. क्लच दाबताना गुडघा थरथरायला लागला, तेव्हा ते म्हणाले क्लचच कडक झालाय आणि आठवडाभर क्लच सैल करत बसले. मग हातातून पाना सुटायला लागला. इंदौरच्या मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला दोघांनाही समोर बसवून स्वच्छ सांगितलं. नसांचा आजार आहे, यावर औषध नाही. पाय, हात, मग बोलणं, गिळणं, शेवटी श्वास. डोकं मात्र जागं राहील. मी विचारलं, आणि दुखणं? ते म्हणाले, संवेदना तशीच राहते, हात लावलेला कळेल, ऊन कळेल, वारा कळेल. हलता येणार नाही इतकंच.  परतताना मी सगळी वाट त्या एका वाक्याला धरून बसले होते, की कळेल, शेवटपर्यंत कळेल.

तेव्हा गाडी जवळजवळ जुळून तयार होती. इंजिन बसलं होतं, सुरू व्हायचं, पोर्चमध्ये मधमाश्यांचं पोळं लागल्यासारखं गुणगुणायचं. जुना टर्बो जाम होऊन मेला होता. नवा मागवायचा राहिला होता आणि त्याच्यासोबत कोणत्या मापाचा शंख, ते ठरवायचं राहिलं होतं. असेच दिवस होते. मी वर्षाचे गहू घेतले होते आणि भैरवगढच्या छापाच्या दोन जुन्या चादरी गच्चीवर पसरून वाळत घातले होते. खाली पोर्चमध्ये अरविंद खुर्चीत, समोर इंजिन उघडं. हात चालत नव्हते म्हणून पाना माझ्या हातात आणि तोंड त्यांचं. डावीकडे फिरव, अगं उलटं फिरवून राहिलीस, हां आता सही. शाळा सुटल्यावर मी उत्तरपत्रिका तपासायची, मग बोल्ट आवळायची, मग गच्चीवर जाऊन गहू वरखाली करायची. तिन्ही कामांचे वास एकमेकांत मिसळले होते. त्या वर्षीच्या पोळ्यांना ग्रीसचा वास येतो असं शेजारच्या ताई म्हणाल्या होत्या, आणि त्यात तथ्य असणार.

अरविंदांना मोठा शंख हवा होता. त्यांना तो पहिल्यापासून हवा होता, आजाराच्या कितीतरी आधीपासून. या इंजिनाचा धूर इतका तापट आणि इतका जोरकस, की लहान शंखातून तो पुरता बाहेरच पडत नाही, म्हणायचे. जळका धूर आत मागे राहतो, नव्या हवेत मिसळतो, इंजिन तापतं आणि मग ती टोकाची पट्टी तुटते. छोट्यात दम घुटेल याचा, वसू. मी सगळं ऐकून घेतलं आणि मला जे विचारायचं होतं तेच विचारलं, की मोठा लावला तर तो जोर कुठे लागेल? ते म्हणाले, इंदौर रोडवर, रस्ता रिकामा असला आणि इंजिन चांगलं वर चढलं की. आणि शहरात? शहरात कुठला, म्हणाले, शहरात गाईम्हशींतून गाडी चालते, तिथे जोर काय करायचाय. तोपर्यंत त्यांची मान पट्ट्यात बांधलेली असायची. वेगात अचानक धक्का बसला असता तर ती सावरली नसती, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. मी तसं म्हटलं.

“माझ्या मानेचं काय घेऊन बसलीस,” ते म्हणाले. “गाडी तर पुढे तूच चालवशील ना. मी किती दिवस?”

मला इतका संताप आला की पाना तिथेच टाकून मी गच्चीवर निघून गेले आणि वाळलेलेच गहू पुन्हा वाळवत बसले. ऊन कलत होतं, खाली रस्त्यावरून ट्रॉल्या जात होत्या. खालून त्यांना मला हाक मारता येत नव्हती, तेवढा आवाज उरला नव्हता. ते नुसते बसून राहिले असणार. बऱ्याच वेळानं मी खाली उतरले आणि त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाले, “अहो, मला ती गाडी चालवायची नाही. मला तुम्हाला बसवून चालवायची आहे.” ते उघड्या इंजिनाकडे बघत राहिले. मान हलवता येत नव्हती, म्हणून हो की नाही तेही कळलं नाही.

आमचं भांडण एवढंच होतं. ते शंख निवडत होते माझ्या पुढच्या वर्षांसाठी, मी निवडत होते त्यांच्या उरलेल्या दिवसांसाठी. ते आधीच निघून गेल्यासारखं बोलायचे आणि मला ते ऐकवत नव्हतं. पुढे गहू कोठीत भरेपर्यंत हा वाद चालला. गव्हाला एरंडेल चोळलेल्या हातांनी मी त्यांना भरवत होते आणि तोंडानं लहान शंखाची बाजू मांडत होते. लोक नवऱ्याकडून दागिने मागतात, आणि तू माप मागून राहिलीस, असं ते एकदा म्हणाले. बोलणं जड झालं होतं, तरी विनोद शाबूत होता.

मग एके दिवशी पोहे भरवताना त्यांना ठसका लागला. साधे पोहे, मऊ केलेले, रोजचेच. ठसका थांबेना. डोळे बाहेर आले, चेहरा काळानिळा झाला, मी पाठीवर थापा मारत राहिले आणि शेवटी एकदाचा तो घास बाहेर पडला. त्यानंतर पोहे बंद झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड पुसत असताना ते म्हणाले, “छोटा मागव.” मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि मी खुश झाले, अगदी मनापासून खुश झाले, शाळेत जाताना वाटेत एकटीच हसत होते की यंत्राच्या बाबतीत मी अरविंदांना हरवलं. भूगोलाच्या तासाला फळ्यावर माळव्याचं पठार काढता काढता माझा हात थांबला. हा माणूस यंत्राच्या बाबतीत कधी हरत नाही. तो हरला, म्हणजे त्याला पुढचं दिसलं होतं. मी खडू ठेवला आणि मुलींना वाचत बसायला सांगितलं.

पाडव्याला गाडी निघालीच पाहिजे असं त्यांनी ठरवलं. मुहूर्तावर त्यांचा कधी विश्वास नव्हता; घरात काही नवं आलं की पाडव्याची वाट बघणारी मी होते आणि माझी टिंगल करणारे ते. त्या वर्षी मात्र तेच मागे लागले. बंगळुरूहून खोकं आलं. शकीलभाईंनी रोजचं गॅरेज बंद ठेवून टर्बो आणि त्यावर तो लहान शंख बसवला, मी बोल्ट पुरवले, अरविंदांनी डोळ्यांनी सगळं तपासलं. एक नळी चुकीची वळली होती तर ते तिच्याकडे एकटक बघत राहिले, आम्हाला कळेपर्यंत. पाडव्याच्या पहाटे मी गुढी उभारली, गाडीला हळदकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. कडुनिंब आणि गूळ त्यांना गिळता येणार नव्हता, म्हणून नुसता ओठांना लावला. शकीलभाईंनी त्यांना लहान मुलासारखं उचलून सीटवर ठेवलं, पट्टा बांधला, मानेमागे उशी दिली आणि तोंड फिरवून ते गुढीकडे बघत उभे राहिले.

रामघाटाकडची गर्दी मला माहीत असायला हवी होती. पाडव्याच्या सूर्याला अर्घ्य द्यायला अर्धं गाव क्षिप्रेवर उतरलेलं. हातात तांबे घेतलेल्या बायका, ओले पंचे नेसलेले पुरुष, आणि त्या सगळ्यांत आमची दोन माणसांची ठेंगणी गाडी गुणगुणत उभी. लोक वाकून आत बघत होते. मला घाम फुटला होता. गर्दीतून बाहेर पडून भैरवगढच्या रस्त्याला लागले तेव्हा पुढे थोडा रस्ता मोकळा दिसला, म्हणून मी पाय जरासा दाबला. इंजिन अजून गुणगुणतच होतं आणि त्यातच तो जोर आला. धक्का म्हणावा असा नव्हता. मागून कुणीतरी दोन्ही हातांनी हळूच पुढे ढकललं तसा. माझी पाठ सीटला टेकली आणि त्यांची पाठ सीटला टेकली. मी घाबरून त्यांच्याकडे पाहिलं. चेहरा हलत नव्हता, पण डोळ्यांत पाणी होतं आणि ते म्हणाले, “अजून एकदा कर ना.”

त्यानंतर शाळेआधी रोज सकाळी आम्ही निघायचो. शकीलभाई दुकान उघडण्याआधी येऊन त्यांना सीटवर बसवून द्यायचे आणि आम्ही परत येईपर्यंत पोर्चमध्ये चहा पीत बसायचे. गहू कापून झालेली रानं, रस्त्याकडेला कापडाच्या रंगाऱ्यांची वाळत घातलेली लांबच लांब वस्त्रं, नदीवरून येणारा गार वारा. मी गाडी हळू करायची आणि मग पाय दाबायची. हळू करायची, पुन्हा दाबायची. दुसऱ्या गाडीतल्या माणसाला वाटलं असतं, ही बाई अजून शिकतेय. ज्या माणसाला स्वतःचं बोट हलवता येत नव्हतं त्याला काहीतरी हलवत होतं, एवढंच मला कळत होतं, आणि तेवढ्यासाठी मी दिवसभर रस्त्यावर राहिले असते. सुरुवातीला ते म्हणायचे ‘अजून एकदा’. मग नुसतं ‘अजून’. मग पहिल्या अक्षराचा एक आवाज. मग आवाजही नाही. पापणी मिटून उघडली की मी समजायची, अजून.

ऊन वाढलं तसं इंजिन तापायला लागलं. काटा रोज थोडा वर जायचा. त्यांनी जे सांगितलं होतं ते सगळं खरं होत होतं, पण ते काट्याकडे बघायचेच नाहीत. मी पंखे लावून गाडी निववायची आणि ओल्या फडक्यानं त्यांचं अंग पुसायची, दोन्ही कामं एकाच पोर्चमध्ये.

एका दुपारी ते पेंगुळल्यासारखे झाले, जागे करूनही पूर्ण जागे होईनात. इंदौरला नेलं. डॉक्टरांनी मला बाजूला घ्यायला हवं होतं, पण पलंगाशेजारीच उभ्या उभ्या ते सांगायला लागले. छातीच्या स्नायूंत ताकद नाही, आतली वापरलेली हवा पुरती बाहेर पडत नाही. ती आतच साठून राहते, म्हणून ताज्या हवेला जागा होत नाही. मी ऐकत होते, आणि हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. अगदी हेच, आमच्या पोर्चमध्ये, त्या लहान शंखाबद्दल. मी अरविंदांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते. त्यांनाही तेच आठवलं होतं. डोळ्यांत जुनी थट्टा होती, सांगितलं होतं ना, अशी. आणि मला, त्यांच्या बायकोला, त्या क्षणी त्यांना जाऊन मिठी मारायची होती तर मध्ये मास्क होता, नळ्या होत्या, आणि डॉक्टर अजून बोलतच होते.

रानांत नरवाई जाळत होते तेव्हा ते गेले. कापलेल्या गव्हाची खोडं जाळतात त्याला इकडे नरवाई म्हणतात. संध्याकाळी क्षितिजावर लाल रेघा दिसतात आणि सकाळी हवेला करपल्याचा वास असतो. घरी गेले, स्वतःच्या खाटेवर, माझा हात त्यांच्या कपाळावर असताना. तो त्यांना कळत होता, हे मला नक्की माहीत आहे. बाकी त्या दिवसाचं मला काही लिहायचं नाही.

गाडी विकून टाका, असं पुष्कळांनी सांगितलं. मूल नाही म्हणून त्या लोखंडाला कुरवाळत बसल्यात, असंही कुणी म्हणाल्याचं माझ्या कानावर आलं. त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून रागही आला नाही. मी दर रविवारी सकाळी भैरवगढपर्यंत जायची आणि यायची. वेग वाढवायची नाही, लांब न्यायची नाही, म्हणजे लहान शंखातही इंजिन तग धरायचं. त्याच मोकळ्या तुकड्यावर पाय दाबायची. तो जोर यायचा, मागून कुणीतरी हळूच ढकलल्यासारखा. फक्त माझी पाठ टेकायची. शेजारचा पट्टा रिकामा बांधून ठेवायची सवय मला का लागली होती, ते विचारू नका. वर्षं गेली. प्रत्येक वर्षी भुसा आला, मी फिल्टर झटकलं, गहू भरले. एकटीचे म्हणून कमी भरले.

आणि आता हा तडा. लहान शंखाला एक दिवस तडा जाणारच होता. इतकी उष्णता त्यानं इतकी वर्षं तुंबवून धरली. गेले पंधरा दिवस मी स्वतःलाच दोन्ही बाजूंनी समजावते आहे. तोच मागवला तर भैरवगढचा रस्ता तसाच राहील, तो ढकलल्यासारखा जोर तसाच राहील, जगात दुसरीकडे कुठेच न उरलेली त्यांची एक सकाळ माझ्या पाठीला पुन्हा पुन्हा लागत राहील. मोठा मागवला तर ते सगळं संपेल. हळू चालवताना त्या गाडीत काहीही होणार नाही, ती कुणाच्याही गाडीसारखी नुसती चालेल. मग मोठा हवाच कशाला? पण काल पोर्चमध्ये इंजिन सुरू करून मी ती फुसफूस ऐकत उभी होते आणि मला एकदम ते इस्पितळातलं यंत्र आठवलं, मास्कच्या कडेनं निसटणारी हवा आठवली. मी घाईघाईनं इंजिन बंद केलं. लहान शंख अरविंदांच्या पाठीसाठी होता, आणि ती पाठ आता नाही. आत धूर कोंडून घेऊन आणखी कुणी, अगदी एखादं इंजिनसुद्धा, माझ्यासाठी धापा टाकत जगावं हे मला सोसणार नव्हतं. लिहिता लिहिता उठून मी बंगळुरूला फोन लावला आणि मोठा पाठवा म्हटलं. तो म्हणाला, बरोबर निर्णय मॅडम, या इंजिनाला मोठाच शोभतो. मी फोन ठेवून बराच वेळ पदर तोंडाशी धरून बसले.

वरचा मजकूर लिहून बाजूला ठेवला होता. मधल्या काळात खोकं आलं, शकीलभाईंनी शंख बसवला, आणि आज सकाळी मी गाडी काढली. भैरवगढच्या रस्त्यावर त्याच मोकळ्या तुकड्यापाशी, माहीत असूनही, मी पाय दाबला. काही झालं नाही. गाडी गुणगुणत राहिली आणि माझी पाठ वाट बघत राहिली. मग मी परत फिरले, गाव ओलांडलं, नानाखेड्यावरून इंदौर रोडला लागले. या गाडीत मी इतक्या वेगानं कधी गेले नव्हते. दोन्ही बाजूंना कापलेलं रान, समोर रिकामा रस्ता, वेगाचा काटा वर वर चढत गेला, आणि बऱ्याच उशिरा, मला वाटलं आता येतच नाही तेव्हा, तो जोर आला. भला मोठा, लांबलचक, कुठेही न अडखळता. इंजिनाचा आवाज असा मोकळा झालेला मी पहिल्यांदा ऐकला. हा आवाज ऐकायला अरविंदांनी किती वर्षं त्या पोर्चमध्ये घालवली होती, आणि त्यांनी तो एकदाही ऐकला नाही. मी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून मोठ्यानं रडले.

घरी आल्यावर शकीलभाईंनी बॉनेट उघडून वरून हात धरून पाहिला. पूर्वीइतकं तापलं नव्हतं. भाभी, अब ये बरसों चलेगी, असं ते म्हणाले, आणि जीपच्या इंजिनाचं नाव त्यांनी पहिल्यांदाच काढलं नाही. अरविंदांना हेच हवं होतं. ते मला सांगून, माझ्याशी भांडून, शेवटी माझ्यासाठी हरून गेले होते. आज त्यांच्या मनासारखं झालं. मला मात्र गाडी वर्षानुवर्षं चालायला नको होती. मला ते हवे होते.